शेपटीवरून सेबल ओळखणारा

आवेर्यान कुझ्मिचला पहिलं असण्याचा रोग होता. रोगाला निदान औषध तरी असतं, याला तेही नव्हतं. आमच्या उस्त-काल्गात सगळ्यांच्या आधी बटाटे काढायचा तो. गोट्यांएवढे निघायचे, तरी कुंपणावरून शेजाऱ्याला ओरडून विचारायचा, "तुमचे अजून जमिनीतच का?" ऑगस्ट संपला की हिवाळी टोपी याच्या डोक्यावर, आणि घाम कानांमागून ओघळतोय. ल्युक्यान आजोबांनी अंथरूण धरलं, तर हा पठ्ठ्या बायकोकडून, फेक्लाकडून, मयताची धिरडी करून घेऊन हजर. आजोबा उठून बसले, दोन धिरडी खाल्ली आणि म्हणाले, "मीठ कमी आहे. मी मेल्यावर पुन्हा आण, तोवर फेक्लाचा हात बसेल."

हे ल्युक्यान आजोबा म्हणजे गावाचा 'डोळा'. आमचं गाव सेबलवर जगतं. मुंगसाच्या अंगलटीचं, झाडाझाडांतून पळणारं हे जनावर, पण फळासारखं तेही पिकावं लागतं. उन्हाळी केस झडून दाट हिवाळी केस पुरते उगवले, की कातड्याची आतली बाजू पांढरी होते. तोवर नव्या केसांची मुळं आत रुतलेली असतात आणि कातडं निळं दिसतं. निळं म्हणजे कच्चं. अशा कातड्याचे केस चिमटीत येतात आणि खरेदीदार नाक मुरडतो, ते नुसत्या त्या कातड्याकडे बघून नाही, गावाकडे बघून. म्हणून रीत अशी, की आधी या 'डोळ्या'नं एकट्यानं एक सेबल धरायचं आणि दुकानाच्या पायरीवर सगळ्यांसमोर त्याचं कातडं उलटं करायचं. पांढरं निघालं तर सापळे घेऊन तैगाच्या जंगलात चला. निळं निघालं तर घरी जाऊन लाकडं फोडा.

त्या उन्हाळ्यात आजोबा खरोखरच गेले. आवेर्यान कुझ्मिच दफनाला उशिरा पोचला. नदीपलीकडचं गवत सगळ्यांच्या आधी कापायला गेला होता.

डोळ्याची जागा रिकामी झाली आणि याच्या गुडघ्याला बाशिंग बांधलं गेलं. जागेत पैसा नव्हता. पण अख्खं गाव ज्याच्या तोंडाकडे बघत थांबतं, असा माणूस वर्षातून एकदा तरी व्हावं, ही त्याची जन्माची भूक. अडचण एकच होती. आजोबांची मुलगी पलागेया बापामागे तैगात हिंडलेली, सापळे लावण्यात मुरलेली बाई होती.

"बाईनं डोळा व्हायचं?" आवेर्याननं दुकानात सगळ्यांसमोर विचारलं. "मग आम्ही काय पापण्या व्हायचं?"

पलागेया काड्यापेट्या घेत होती. मान न वळवता म्हणाली, "व्हा की, आवेर्यान कुझ्मिच. पापण्या वेळेला मिटतात तरी. तुमचं तोंड मिटलेलं कुणी पाहिलंय?"

शेवटी सगळ्यांत म्हाताऱ्या शिकाऱ्यानं, त्रोफीमबाबांनी, निवाडा केला. "भांडू नका. जो आधी पांढरं कातडं पायरीवर आणील, तो डोळा."

आधी! हा शब्द आवेर्यानसमोर उच्चारणं म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवणं. पलागेयानं सांगून टाकलं, की नदीच्या काठाला बर्फ धरल्याशिवाय मी हलणार नाही. आवेर्याननं काही सांगितलं नाही. दुसऱ्या सकाळी त्याची नाव धक्क्यावर नव्हती.

ऑक्टोबरातला पोक्रोवचा सण यायचा होता, नदी उघडी वाहत होती, बायका कोबी खारवत होत्या, आणि आवेर्यान परतला. नाव दोरीला बांधायच्या आधीच ओरडला, "या रे! पायरीवर या!"

सगळे जमले. त्यानं अंगरख्यातून सेबल काढलं. कातडं मोज्यासारखं अखंड सोललेलं, केस बाहेर. खरं सांगायचं तर दिसत होतं झकास. त्यानं शेपटीवर फुंकर घातली आणि केस असे उभे राहिले, की पुढचे दोघेतिघे हळहळलेच.

"शेपूट बघा! अशी शेपूट ल्युक्यान आजोबांच्या हयातीत पाहिली होती कुणी?"

"आजोबा शेपूट दाखवत नव्हते," पलागेया म्हणाली. "कातडं उलटा."

"उलटतो की! घाबरतो काय?"

असं म्हणून त्यानं मागच्या बाजूनं कातडं दुमडलं, कमरेपर्यंत. आतून पांढरंशुभ्र. आता आमच्या गावच्या पुरुषांबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. हे सगळे बापजाद्यांपासून सेबल धरत आलेले. सेबल पिकतं ते शेपटीकडून डोक्याकडे, मान सगळ्यांत शेवटी पिकते, हे यांना आईच्या दुधाबरोबर पाजलेलं. पण कोबी चिरून चिरून यांचे हात आंबले होते, बायकांच्या बोलण्यानं कान किटले होते, कधी एकदा तैगात पळतो असं झालं होतं. तेव्हा अर्धं कातडं बघून या जाणकारांनी पुरत्या माना डोलावल्या.

"पांढरं आहे बुवा," एक म्हणाला.

"दुधासारखं," दुसरा म्हणाला आणि घरच्या दिशेनं दोन पावलं टाकूनही झाली. बहुतेक सापळे काढायला.

आवेर्यान छाती फुगवून पायरीवर उभा. बोलायला त्यानं तोंड उघडलं, तोच पलागेया पुढे झाली. "धन्यवाद, आवेर्यान कुझ्मिच, कंबर पाहिली. आता मान बघू." आणि तिनं मोज्यात घालावा तसा हात कातड्यात घातला, आतून नाक पकडलं आणि बाहेर ओढलं.

खांद्यापासून पुढे कातडं निळंकाळं होतं. शाईत बुडवून काढावं तसं.

 पिशवी घेऊन उभ्या असलेल्या फेक्लानं, याच्याच बायकोनं, विचारलं, "हे काय गं बाई, याला मार लागलाय का?"

"थंडीनं!" आवेर्यान म्हणाला. "नावेत वारा होता. थंडीनं निळं पडलंय."

"मेल्यावर थंडी वाजली होय त्याला?" त्रोफीमबाबा म्हणाले. "आवेर्यान, अरे, सेबलाची टोपी कुठल्या भागाची शिवतात? बसायच्या भागाची?"

हसू असं फुटलं, की धक्क्यावरची कुत्री भुंकायला लागली. सगळ्यांत मोठ्यानं हसले ते मघा माना डोलावणारेच. सापळे काढायला निघालेला तो दुसरा परत येऊन हसला.

पुढे काठाला बर्फ धरलं, पलागेया गेली, कातडं घेऊन आली आणि पायरीवर नाकापर्यंत उलटं केलं. पांढरं. "चला," एवढंच म्हणाली. ती डोळा झाली, आणि त्यावर कुणी मतही मांडलं नाही.

एखादा शहाणा यातून काही शिकला असता. आवेर्यानही शिकला, पण उलटं. लवकर गेलो म्हणून हसलात काय, मग आता उशिरा राहून दाखवतो! हिवाळा सरत आला, सगळे सापळे उचलून गावात परतले, आणि हा एकटा तैगातल्या झोपडीत बसून राहिला. सगळ्यांत शेवटी उठण्यातही पहिला नंबर असतो, हे त्याला कुठून सुचलं देव जाणे.

मार्चचं ऊन बर्फावर चमकायला लागलं तेव्हा तो आला. पाठीवर कातड्यांचा जुडगा, शेपट्या मागे लोंबताहेत, एकीपेक्षा एक भरघोस. पायरीवर जुडगा आपटून म्हणाला, "आता बोला! शेपट्या बघा!"

या खेपेला पलागेयाला हातही घालावा लागला नाही. वसंतात सेबल झडतं ते डोक्याकडून. शेपटी शेवटपर्यंत ऐटीत असते, तेव्हा डोकं आणि मान विरलेली असतात. जुडग्यातलं एकेक सेबल आवेर्यानसारखंच दिसत होतं, मागून दिमाखदार आणि वर टक्कल.

"अरे, ही तर पेन्शनीत निघालेली सेबलं!" त्रोफीमबाबा म्हणाले. खरेदीदारानं जुडगा उचललाही नाही, बुटानं बाजूला सारला. फेक्लानं त्यातल्या कातड्यांच्या मागच्या बाजू कापून स्वतःसाठी हातमोजे शिवले. गावात तेवढे उबदार हातमोजे कुणाकडे नाहीत. नवरा काय कामाचा, म्हणून कुणी विचारलं तर ती हात वर करून दाखवते.

पुढच्या शरदात काठाला बर्फ धरलं आणि पलागेया कातडं घेऊन येताना दिसली, तेव्हा पायरीपाशी फक्त एक माणूस आधीपासून उभा होता. टोपी घालून, सगळ्यांत पुढे. लोक जमले. आता गाव पलागेयाच्या तोंडाकडे बघत होतं, आणि तोही बघत होता.

तिनं कातडं खाली धरलं, त्याच्याकडे पाहिलं आणि एक टोक त्याच्या हातात दिलं.

"पहिले आलात, आवेर्यान कुझ्मिच, तर कामाला लागा. तुम्ही डोकं धरा. शेपूट माझ्याकडे राहू द्या."

त्यानं धरलं. गपचूप, दोन्ही हातांनी.