धाब्यावरचा पांढरा थर

मी घर सोडलं त्या सकाळी नाना धाब्यावर, घराच्या मातीच्या छतावर होते. मे महिना संपत आला होता. आमच्याकडे पाऊस यायच्या आत धाब्यावर नवी माती पडलीच पाहिजे. लेक परदेशी चालली म्हणून माती थांबत नाही. चाळीसगाव स्टेशनला जायची रिक्षा दारात उभी होती, माय माझ्या पिशवीत शेवेचा तिसरा डबा कोंबत होती. नाना शिडीच्या चार पायऱ्या खाली आले. हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले, त्यामुळे डोक्यावर हात ठेवता येईना. "जाय बेटा," ते म्हणाले, "गाडी चुकी जाई." आणि पुन्हा वर चढले. अशा वेळी मुली रडतात. मला रडू आलं नाही. स्टेशन येईपर्यंत मी फक्त बॅगांच्या किल्ल्या पुन्हापुन्हा चाचपत होते.

ज्यांनी धाब्याचं घर पाहिलं नाही त्यांना सांगते. खाली सागाचे सर, म्हणजे आडव्या तुळया, त्यावर फळ्या आणि पालापाचोळा, आणि सगळ्यांवर मातीचा जाड थर, हे आमचं छत. वरून खारी माती पसरायची, ती पाणी आत मुरू देत नाही. दर उन्हाळ्यात ती नव्याने घालायची आणि पावसाळ्यात कुठे ठिबकलं की वर जाऊन तेवढी जागा पायाने दाबायची. नाना सूतगिरणीत फिटर होते. घराला परक्याचा हात लागू द्यायचे नाहीत. बिजागऱ्या, मोरीचा पाइप, विजेच्या वायरी, धाब्याची माती, सगळं एकहाती. कोणी गवंड्याचं नाव काढलं तर म्हणायचे, "मन्हा घरना आजार माले माहीत शे."

इंग्लंडच्या उत्तरेतल्या एका गावात माझं बस्तान बसलं. नोकरी, नवरा, मॉर्गेज, आणि शंभर वर्षांचं विटांचं टेरेस हाउस, म्हणजे शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत लागून ओळीत उभं घर. इथे प्लंबर बोलावणं म्हणजे श्रीमंती थाट, म्हणून आम्ही व्हिडिओ पाहून सगळं स्वतः करायला शिकलो. मी टाइल्स लावल्या, फरशा घासल्या, दारं रंगवली. नवऱ्याला खिळा सरळ ठोकता येत नाही, त्यामुळे ड्रिल माझ्याच हाती आलं. मनातून वाटायचं, नानांची लेक शोभते. ही हुशारी मी एका सुट्टीत गावी घेऊन गेले.

तो मार्च होता. आदल्या पावसाळ्यात स्वयंपाकघरात दोन ठिकाणी गळलं होतं आणि नानांचे गुडघे आता शिडीला कुरकुरत होते. मी ठरवून टाकलं की माती घालायची कटकट एकदाची मिटवायची. धाकटा भाऊ संजय जळगावला पिंप्राळ्यात राहतो. त्याला सांगून वॉटरप्रूफिंगचे डबे मागवले. धाब्यावर प्लास्टिकचा कागद, त्यावर सिमेंटचा पातळ कोबा, त्यावर रोलरने पांढऱ्या रंगाचे तीन हात. नाना पहिल्या दिवशी एवढंच म्हणाले, "पाह्य बरं, माती शे ती." मी त्यांना पंधरा मिनिटं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला कागदाचं दुसरं टोक धरू लागले. आठव्या दिवशी धाबं दुधासारखं पांढरं झालं. गल्लीतली माणसं शिडी चढून बघून गेली. शेजारची अक्का म्हणाली, "पोरनी नाव काढं वो!" मी फोटो काढले, इथल्या मैत्रिणींना पाठवले.

दोन पावसाळे थेंब गळला नाही. फोनवर मी आधी धाब्याची चौकशी करायचे, मग त्यांच्या तब्येतीची. तिसऱ्या वर्षी संजयचा फोन आला की मधला सर वाकलाय, हात लावला तर भुसा पडतोय. वाळवी, तो म्हणाला. मीही वाळवीच म्हणाले. त्याने नाना आणि माय दोघांना पिंप्राळ्याला दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं, तात्पुरतं म्हणून. फ्लॅट नवा होता, नानांना दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतं. माय सांगायची की ते खालच्या मजल्यावर जाऊन लोकांच्या नळाचे वॉशर बदलून देतात. आठ महिन्यांनी, जानेवारीत, ते गेले. मी जळगावला गेले, तेरा दिवस राहिले, परत आले. गावातलं घर बघायला जाऊ नको, संजय म्हणाला, कधीही खाली येईल. मी गेले नाही. विमानात दोन सिनेमे पाहिले आणि दोन्ही वेळचं जेवण संपवलं.

त्याच वर्षी इथे बाथरूमच्या भिंतीला ओल आली. डॅम्प हा इथला राष्ट्रीय रोग आहे, त्यामुळे घाबरले नाही. छिन्नी-हातोडी घेऊन प्लास्टर फोडलं. आधीच्या मालकाने जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापलं होतं. आतल्या विटा बोटाने कोरता येतील इतक्या मऊ झाल्या होत्या, शेजारचा लाकडी दांडा पावासारखा तुटला. पलीकडचे म्हातारे गृहस्थ जन्मभर गवंडीकाम केलेले. त्यांनी दारातूनच पाहिलं आणि सांगितलं की जुनी भिंत श्वास घेते, घरातली ओल तिच्यातून बाहेर जाते. कोणीतरी हिला रेनकोट घातला, म्हणून ही आतून कुजली.

मी छिन्नी खाली ठेवली. गावच्या घरातली चुलीची वाफ, भिंतीतून चढणारं पाणी, माणसांचा श्वास, हे सगळं इतकी वर्षं मातीतून वर निघून जात होतं. मी प्लास्टिक घालून त्याची वाट बंद केली. वाळवी नंतर आली. सर आधी मीच कुजवले होते. म्हणजे नाना परक्या फ्लॅटमध्ये गेले ते माझ्यामुळे. त्या दिवशी मी कचरा पोत्यात भरला आणि स्वयंपाकाला लागले.

वर्षभर हे मी कोणाला सांगितलं नाही. मग संजयने विचारलं की घर जेसीबीने पाडून जागा मोकळी करू का, तुझी संमती हवी. मी हो म्हटलं आणि मायला फोन द्यायला सांगितलं. जे होतं ते सगळं सांगून टाकलं, सिमेंट, वाफ, सर. ती मला थांबवेल, कसली वाफ म्हणेल, असं वाटलं होतं.

"माहीत व्हतं आम्हले," माय म्हणाली. "तू त्या दिनले खाले उतरनी, तवयच नाना माले बोलनात, आते हाई धाबं मरनं."

मी विचारलं, मग काढून का नाही टाकलं? मी गेल्यावर तरी?

"तू दोन वरीसमा एक डाव येस. तुना हातनं करेल ते कसं काढतात?" मग तिने जेवलीस का विचारलं. मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर पहिल्यांदा मला राग आला, दोघांचा.

घर पडलं. संजयने व्हिडिओ पाठवला. सर, फळ्या, माती यांचा ढीग झाला होता आणि माझा पांढरा थर मात्र एका मोठ्या तुकड्यात, न फाटता, जेसीबीच्या दातांना लटकत होता. काम पक्कं केलं होतं मी.

माझ्यासारखे जे निघून आले आहेत ते सुट्टीत घरी गेले की काहीतरी सुधारून येतात. कोणी गिझर बसवतं, कोणी कमोड, कोणी मोठा टीव्ही भिंतीवर टांगतं. आणि तुम्ही जे तिथे राहिलात ते छान झालं म्हणता. माझी विनंती आहे, म्हणू नका. लहानपणी मी धाब्यावर माती जाड पसरली तर नाना सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडायचे, घमेलं हिसकावून घ्यायचे आणि मला तोच कोपरा पुन्हा करायला लावायचे. मी रुसायचे, जेवायचे नाही. ते घर माझं होतं. घर म्हणजे काय असं आज कोणी विचारलं तर मी हेच सांगेन, जिथे चुकलं की कोणीतरी ओरडतं. ते कधी संपलं हे मला आता नेमकं माहीत आहे. शेवटचा हात मारून मी धाब्यावरून उतरले तेव्हा नाना ओरडले नाहीत. आत जाऊन त्यांनी स्वतः चहा केला, पाहुण्यांचा कप काढला, आणि मला खुर्चीवर बसवून हातात दिला.