ठोक्याआधीचा ठोका

ऑफिसात फोन आला. पलीकडून कंपाउंडर हरिपद एवढंच म्हणाला, ‘‘डाक्तारबाबू आर नेई…’’ डॉ. आठल्ये गेले. भवानीपूरच्या दवाखान्यात सकाळचे पेशंट तसेच बसून होते म्हणे. आता तीन आठवडे झाले, तरी मला ते खरं वाटत नाही.

फाळणीनंतर दोनेक वर्षांनी मी बदली होऊन कलकत्त्याला आलो. ऑफिसच्या तपासणीत ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं, म्हणून कुरकुरतच त्यांच्याकडे गेलो. तीन मजले जराही धाप न लागता चढत होतो, कार्डिओग्रामही स्वच्छ होता. डॉक्टरांनी मला डाव्या कुशीवर निजवलं, भर वैशाखात पंखा बंद केला, ट्रामचा खडखडाट नको म्हणून खिडकी लावली आणि नळी छातीवर अलगद टेकवून डोळे मिटले. पाच मिनिटं गेली असतील. मी घामाने निथळत होतो.

‘‘ठोक्याच्या आधी एक पुसट ठोका येतोय,’’ ते म्हणाले. ‘‘दाबाशी झगडून हृदय ताठर व्हायला लागलंय. तुम्हाला कळायला अजून काही वर्षं लागतील. पण तेव्हा उशीर झालेला असेल.’’

खरं सांगतो, मला तेव्हा हा माणूस थापाड्या वाटला. नंतर त्यांनी नळी माझ्याच कानाला लावली. दहादा ऐकल्यावर तो आवाज सापडला आणि अंगावर काटा आला. माझ्या आत काय चाललंय ते माझ्याआधी या माणसाला ठाऊक होतं!

सर्पगंधेच्या गोळ्या सुरू झाल्या, मीठ बंद झालं. तीन महिन्यांनीही ठोका तसाच. तेव्हा डॉक्टर न सांगता आमच्याकडे जेवायला येऊन बसले. पानात लिंबाचं लोणचं, पापड, सांडगी मिरची! आमची ही ठसक्यात म्हणाली, ‘‘वरून कण घालत नाही हो मीठ. लोणच्यातलं तर मुरलेलं असतं!’’ डॉक्टर पोट धरधरून हसले आणि जाताना बरणी काखोटीला मारून घेऊन गेले. पुढे तो ठोका हळूहळू विरत गेला. आज मी हे लिहितो आहे ते त्यांच्या कानांमुळे.

परवा डॉक्टरांच्या घरी वहिनींना भेटायला गेलो. तेव्हा कळलं, डॉक्टरांना स्वतःलाच ब्लडप्रेशर होतं.

‘‘आपलं आपण ऐकलं तर मन लबाडी करतं म्हणायचे,’’ वहिनी सांगू लागल्या. ‘‘म्हणून मला शिकवलं, चौथी शिकलेल्या बाईला. दर रविवारी मी ऐकायची. चार वर्षांपूर्वी एकदा तो आवाज आला… सांगू की नको झालं. सांगितलं. तर म्हणाले, ‘शाब्बास, बरोबर ऐकलंस!’ आणि चपला घालून दवाखान्यात गेले.’’

वहिनींनी डोळे पुसले आणि उठून दिवाणावरची उशी सारखी केली.

‘‘निजा भाऊजी, डाव्या कुशीवर. आता तुमचं कोण ऐकणार?’’

मी मुकाट्याने निजलो. त्यांनी नळी कानाला लावली.

‘‘श्वास सोडा,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आणि रडू नका, ऐकू येत नाही.’’