आत्याचा नवा गुडघा

जगातली बाकी सगळी माणसं डोक्यानं विचार करतात. आमची आत्या पोटऱ्यांनी करते. हे मी चेष्टेनं म्हणत नाही, तिचंच म्हणणं आहे. तरुणपणी ती जिल्ह्याच्या संघातून कबड्डी खेळली, आणि तेव्हा जे शहाणपण तिच्या पायांत शिरलं ते वर डोक्याकडे पाठवायची गरज तिला आजवर भासलेली नाही. “अंग म्हंजी घरमालक आन् मन म्हंजी भाडेकरू,” असं ती पुणतांब्यातल्या आपल्या ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते. “भाडेकरू लई बोलतो. पन घर कुनाचं?”

त्यामुळे तिला साधं ‘कशी आहेस?’ असं विचारायची सोय नाही. ती खालून सुरुवात करते. आधी टाचा काय म्हणतात ते सांगते, मग घोटे, मग पोटऱ्या. कमरेपर्यंत येईतो चहा निवतो आणि मानेचा नंबर लागेपर्यंत पाहुणा उठून गेलेला असतो. दुसऱ्याच्या अंगाची खबरही तिला त्याच्या आधी लागते. मागे एकदा मी तिच्या अंगणात पाऊल टाकतोय तोच ती ओरडली, “आरं, डाव्या टाचेवर राग काढतोयस. घरात भांडन झालंय व्हय?” मी ठणकावून सांगितलं की नवा बूट चावतोय. बूट चावत होता हे खरंच होतं. पण भांडणही त्या बुटाच्या खरेदीवरूनच झालं होतं, हे मी तिला आजतागायत सांगितलेलं नाही.

माझ्या चुलतबहिणीला बघायला मुलगा आला, तेव्हा बाकीची वडीलधारी मंडळी शिक्षण, नोकरी, शेती असं रीतसर विचारत होती. आत्यानं त्याला खुर्चीवरून उठवून सतरंजीवर बसवलं, हातात चहाचा कप दिला आणि थोड्या वेळानं म्हणाली, “आता हात न टेकता उठा बरं, पाव्हनं.” बिचारा उठला. “बगा, थेंब हिंदकळला न्हाई! पोरगा सबुरीचा हाय,” असा निकाल देऊन आत्यानं लग्न ठरवून टाकलं. कप केव्हाच रिकामा झाला होता, हे तिच्याशिवाय सगळ्यांना दिसलं होतं. पण दोघांचा संसार उत्तम चाललाय, त्यामुळे कुणाला काही बोलता येत नाही. गावात ध्यानाचं शिबिर भरलं, तिथंही ती पुढच्या रांगेत. शिकवणारे गृहस्थ मृदू आवाजात म्हणाले, “आता शरीर विसरून जा.” आत्यानं डोळे उघडले. “इसरते की. पन मंग मला घरी न्यायचं कुनी?” त्या दिवशी शिबिर जरा लवकर आटोपलं.

हे सगळं तत्त्वज्ञान खरं नांदायचं ते शाळेमागच्या मैदानावर. तिथं रोज संध्याकाळी ती गावातल्या पोरींना कबड्डी शिकवायची. तिचा एक नेम होता. रेषेबाहेर चपला काढायच्या, उकिडवं बसून मातीला हात लावायचा, तो कपाळाला टेकवायचा आणि मगच आत पाऊल टाकायचं. कमरेतून वाकून केलेला नमस्कार तिला चालत नसे. “काय पडलंय का तिथं उचलायला? बसा की जरा मातीपाशी,” म्हणून ती पोरींना परत पाठवायची. आणि मग तिचाच उजवा गुडघा इतका झिजला की उकिडवं बसणं बंद झालं. नेम मोडायचा नाही, म्हणून बाईंनी मैदानात जाणंच सोडलं आणि रेषेबाहेर खुर्ची टाकून ओरडायला सुरुवात केली. आवाज पोचत होता. पण पकड कशी घालायची हे ती अंगाला अंग भिडवून दाखवायची, ते खुर्चीतून कसं दाखवणार? पोरी एकेक करत कमी व्हायला लागल्या. तेव्हा तिनं कुरकुर न करता गुडघा बदलून घ्यायला होकार दिला. “मला परत आत जायचंय,” एवढंच म्हणाली.

ऑपरेशन छान झालं. घोटाळा केला तो आत्यानं. नव्या सुनेची हळद उतरेपर्यंत तिला कामाला लावायचं नाही, ही आमच्या घरची रीत. ती तिनं गुडघ्याला लावली. “परक्या घरातनं आल्याली हाय. आल्या आल्या जुपायची न्हाई. आधी घर कळू द्या तिला.” पट्टीवर हळदी-कुंकवाचं बोटही लावून झालं. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम राहिले बाजूला. पाय वाकवायला गेलं की दुखायचं, आणि दुखतंय म्हणजे घरमालक नको म्हणतोय! महिनाभरात सून अशी काही माजली की वाकायचं नावच घेईना.

शेवटी मी तिला गाडीत घालून कोपरगावला नेलं. तिथल्या दवाखान्यात व्यायाम करून घेणारी नसरीन नावाची तरुण डॉक्टर होती. तिनं गुडघा चाचपला आणि सरळ सांगितलं, “मावशी, दुखतंय म्हणून थांबलात तर हा कायमचा असाच राहील.”

“अंगच न्हाई म्हनतंय, पोरी. म्या जलमभर अंगाचं ऐकलंय.”

“खेळतानाही ऐकायचात? चौघींनी मिळून पाय धरला की अंग काय म्हणायचं?”

आत्यानं गुडघ्यावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, “सोड म्हनायचं.”

“मग?”

“मंग काय? दम धरायचा आन् रेषेकडं वढायचं.”

“तेच करायचंय,” नसरीन म्हणाली आणि तिनं घोटा धरला.

आत्यानं छाती भरून घेतली आणि त्या शांत दवाखान्यात खणखणीत ‘कबड्डी-कबड्डी’ सुरू झालं. शेजारच्या खाटेवर मानेला वजन लावून पडलेले एक गृहस्थ दचकून उठायला गेले, त्यांना दोघांनी धरून परत निजवलं. पण तो जुना दम आता राहिला नव्हता. गुडघा पुरता वाकायच्या आत तो तुटायचा. “बाद!” आत्या स्वतःच जाहीर करायची, डोळे पुसायची आणि पुन्हा छाती भरून घ्यायची. असं कित्येक आठवडे चाललं. तत्त्वज्ञानातही थोडी दुरुस्ती झाली. “घरमालक बी कवा कवा भेतो,” ती मला येताना गाडीत म्हणाली, “तवा भाडेकरूनंच कडी काढायची.”

गुडघा वाकला. ती जिने चढायला लागली, खुर्चीतून सहज उठायला लागली. उकिडवं मात्र कधीच बसायचं नाही, असं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. ते आत्यानं ऐकून सोडून दिलं होतं.

कोपरगावच्या खेपा संपल्या, त्याच्या दुसऱ्याच संध्याकाळी ती मला घेऊन मैदानावर गेली. चपला काढल्या, माझा खांदा धरला आणि खाली बसायला लागली. निम्म्यावर गेली आणि गुडघा अडला. तिनं दम धरला, दात आवळले. गुडघा हलला नाही. ती परत उभी राहिली आणि इकडंतिकडं पाहू लागली. तिच्याकडे बघवेना मला.

पोरींचा खेळ थांबला होता. त्यांतली एक उंच, काटक पोरगी रेषेपाशी आली, उकिडवी बसली आणि चिमूटभर माती घेऊन उठली.

“मैदान उचलून आनतीस व्हय गं?” आत्या खेकसली. “माझं अंग बसाया पायजे, माझं!”

“बसलंच की,” पोरगी म्हणाली. “ह्या अंगाला बसाया, उठाया, धराया सगळं तुमीच शिकवलंय. मंग हे दुसऱ्या कुनाचं हाय?”

आत्यानं तिला टाचेपासून मानेपर्यंत न्याहाळलं. मग तिनं मान खाली घातली. पोरीनं माती तिच्या कपाळाला लावली आणि आत्या रेषा ओलांडून आत गेली.

आत तिनं त्या पोरीचा घोटा धरायला दुसरीला पुढं बोलावलं होतं आणि त्या दुसरीचं कोपर कुठं चुकतंय ते हाताला धरून दाखवत होती. मी तिच्या चपला हातात घेऊन अंधार पडेपर्यंत रेषेबाहेर उभा राहिलो.