पाच सागरगोटे

दर गुरुवारी मी वाशिंदहून मुरबाडकडच्या एका निवासी शाळेत समुपदेशनासाठी जाते. मध्ये टेबल असलं की मुली तोंडाला कुलूप लावतात, म्हणून मी व्हरांड्यात फतकल मारून त्यांच्याशी सागरगोटे खेळते. हात गुंतले की तोंड सुटतं. माझ्या पदव्यांना जे जमलं नव्हतं, ते या गोट्यांना जमलं.

सहावीतली एक मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर बोलेनाशी झाली होती. तीन गुरुवार ती नुसती खेळली आणि दर वेळी मला हरवलं. चौथ्या गुरुवारी गोटा उडवता उडवता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आय घर सोडून गेली. कोनाला सांगू नका, बाई."

"नाही सांगणार," मी म्हणाले.

त्या आठवड्यात अहवाल तुंबले होते. मी माझी टिपणं फोनवरच्या एआयला दिली. नाव तेवढं गाळलं आणि स्वतःला फार शहाणी समजले. गाव, इयत्ता, तिचं ते वाक्य, सगळं तसंच गेलं. अर्ध्या मिनिटात गुळगुळीत अहवाल आला, 'आईने घर सोडल्यामुळे' अशी सुरुवात असलेला. मी वरवर नजर फिरवली, गाळलेलं नाव हाताने घातलं आणि सही ठोकली. कागद ऑफिसात गेला आणि ऑफिसातून बातमी वसतिगृहात.

पुढच्या गुरुवारी तिने गणवेशाच्या खिशातून आपले पाच गोटे काढून माझ्यासमोर ठेवले. "मी तुमालाच सांगितलं होतं," म्हणाली आणि गेली.

यंत्राला काय बोल लावायचा? त्याला सांगितलं मीच. तो कागद मी परत घेतला, नवा हाताने लिहिला. आता मुलींचं बोलणं फोनला देत नाही. लिहिलेलं आधी त्यांनाच वाचून दाखवते, त्या नको म्हणतील ते खोडते. हे तिला सांगायचंय, पण ती थांबत नाही. तिची फार आठवण येते, आणि ती माझ्यापासून दहा पावलांवर नळाच्या रांगेत उभी असते.

तिचे गोटे मी दर गुरुवारी मांडते. परवा एका मुलीने विचारलं, "बाई, हे कोनाचे गो?"

रांगेतली तिची मान वळली.

"ते नाही सांगायचं," मी म्हणाले.