बटणराव आणि सहाशे बारा नंबर

माझा थोरला भाऊ टीव्ही बघत नाही. तो टीव्ही दुरुस्त करतो, आणि दुरुस्त करण्यासारखं काही नसलं की आधी बिघडवून घेतो. हे मी रागाने म्हणतेय असं कुणाला वाटेल, तर ते बरोबरच वाटेल.

नोकरीत असताना दादा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर होता. तिथे त्याला कुणी काही विचारत नसे. म्हणून तेव्हा घरी येऊन व्हीसीआर उघडून बसायचा. निवृत्त झाल्यावर त्याने रेकॉर्डरवाला सेट-टॉप बॉक्स घेतला आणि आमच्या इमारतीत त्याला एकदम भाव आला. सोळा बिऱ्हाडांत असला डबा एकट्या त्याच्याकडे, बाकीच्यांकडे साधे. पण साधे झाले तरी बंद पडायचे ते पडतातच, शिवाय कंपनी दर चार-सहा महिन्यांनी चॅनेलचे नंबर इकडचे तिकडे करते. मग दादाच्या दाराची बेल वाजते. इमारतीतली पोरं त्याला बटणराव म्हणतात. ती चेष्टा आहे हे त्याला अजून कळलेलं नाही.

पडद्यावर ‘सिग्नल नाही’ असं आलं की बटणराव हजर. पहिला प्रश्न ठरलेला: “हात कुणी लावला होता?” घरातली माणसं एकमेकांकडे बघायला लागतात. मग तो प्लग काढतो आणि मोठ्याने साठपर्यंत आकडे मोजतो. तोपर्यंत कुणी बोलायचं नाही, कारण त्याचा आकडा चुकतो. मग डब्यातलं कार्ड काढून शर्टाला पुसायचं, परत घालायचं, प्लग लावायचा. दहातल्या नऊ वेळा डबा चालू होतो, कारण त्यात दुसरं काही करायचं नसतंच. कंपनीची मुलगीही फोनवर हेच सांगते. पण दादाचा चेहरा असा, की जणू एखाद्याचं बंद पडलेलं हृदय त्याने चालू करून दिलंय. पुढे अर्धा तास व्याख्यान. बिचाऱ्या म्हाताऱ्यांना बातम्या बघायच्या असतात. व्याख्यान संपेपर्यंत बातम्याही संपलेल्या असतात.

त्याच्या स्वतःच्या डब्यात चारशे तासांच्या वर रेकॉर्डिंग आहे. नाटकं, सामने, समुद्राखालचे मासे, काय वाटेल ते. त्यातलं त्याने काही म्हणजे काही पाहिलेलं नाही. विचारलं तर म्हणतो, “वेळ कुठे आहे?” डिस्क भरत आली की जागा करायला तो पुसत बसतो. एवढंच त्याचं मनोरंजन.

वहिनी, म्हणजे त्याची बायको, एकतीस वर्षं प्रसूती विभागात परिचारिका होती. पाळी संपवून घरी आली की तिला नवऱ्याची पाठ दिसायची. तोंड टीव्हीच्या मागे. ती काही बोलायला लागली की आतून आवाज यायचा, “थांब गं, एक मिनिट.” मी समोरच्याच दारात राहते. ते एक मिनिट मी एकतीस वर्षं ऐकलंय. ते कधी संपल्याचं काही मला आठवत नाही.

यंदा एका लहानशा चॅनेलने जुन्या परिचारिकांवर तासाभराचा कार्यक्रम केला. वहिनीला तिच्या जुन्या विभागात बोलावून तिची मुलाखत घेतली. ती काय बोलली ते तिने घरी सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, “मंगळवारी अकरा वाजता आहे. एकदाच दाखवणार, मोबाईलवर वगैरे ते टाकत नाहीत.” नेमक्या त्याच मंगळवारी दहाला तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. दोन महिने थांबून मिळालेली तारीख, ती कोण बदलून देणार?

“अहो, नीट रेकॉर्ड कराल ना?” वहिनीने विचारलं. “मला तुमच्या शेजारी बसून बघायचंय.” थोड्या वेळाने हेच तिने पुन्हा विचारलं. वहिनी कुठलीही गोष्ट दोनदा सांगणारी बाई नाही. मी तिथेच चहा पीत होते, माझ्या ते लक्षात यायला हवं होतं.

दादा हसला. “अगं, कुणाला विचारतेस तू?”

तर बटणरावांनी रेकॉर्डिंग लावलं. साधी माणसं पडद्यावरच्या यादीत कार्यक्रमाचं नाव शोधतात आणि बटण दाबतात. नाव लक्षात ठेवून डबा बाकीचं बघून घेतो. पण हे दादाच्या शानेला शोभत नाही. “ते नवशिक्यांचं काम,” तो म्हणाला आणि त्याने सगळं हाताने भरलं. चॅनेल तीनशे अठ्ठेचाळीस, मंगळवार, अकरा ते बारा. तीनदा तपासलं. हा शुक्रवार होता.

शनिवारी पडद्याच्या खालून पट्टी सरकायला लागली: मंगळवारपासून चॅनेलचे नंबर बदलत आहेत. दुसरा कुणी कपाळाला हात लावून बसला असता. दादाचा चेहरा उजळला. दोन दिवस बसून त्याने नव्या नंबरांची यादी सुवाच्य अक्षरात काढली, वर लाल शाईने वहिनीचं चॅनेल: सहाशे बारा.

मंगळवारी सकाळी वहिनीला घेऊन दवाखान्यात मी गेले. दादा आला नाही. “मी इथे मशीनपाशी हवा,” म्हणाला. आणि हा पठ्ठ्या मशीनपाशी होता का? छे! आमची पाठ वळताच यादी काखोटीला मारून तो माझं कुलूप लावलेलं घर सोडून बाकीची चौदाच्या चौदा बिऱ्हाडं फिरला. प्रत्येक घरात स्वतः नंबर लावून दिला आणि बजावलं, “आमच्या हिचा कार्यक्रम आता तीनशे अठ्ठेचाळीसवर नाही, सहाशे बारावर. लावून ठेवलाय, हात लावू नका.” मग पडद्याकडे न बघता पुढच्या दारात. वरच्या मजल्यावरच्या घड्याळजींचा रिमोट सापडेना, तर वीस मिनिटं गाद्या उचलल्या. घरी पोचला तेव्हा सव्वाबारा झाले होते. डब्यात एक तासाचं नवं रेकॉर्डिंग दिसत होतं. ते लावून बघावं असं त्याच्या मनातही आलं नाही. मी म्हटलं ना, तो बघत नाही.

डब्याला बिचाऱ्याला काय ठाऊक? त्याला तीनशे अठ्ठेचाळीस सांगितलं होतं, त्याने तीनशे अठ्ठेचाळीस टिपलं. नंबर बदललाय हे दादाने इमारतीत सगळ्यांना सांगितलं, फक्त आपल्या डब्याला सांगायचं राहिलं.

संध्याकाळी वहिनी घरी आली. डोळ्यावर पट्टी, वर काळा चष्मा. माझ्याकडून केस बांधून घेतले, खुर्ची दादाच्या खुर्चीला लावली आणि म्हणाली, “लावा.”

पडद्यावर एक दणकट माणूस पोटाला पट्टा बांधून ओरडत होता, “फक्त चौदा दिवसांत पोट गायब!” दादाने रेकॉर्डिंग पुढे पळवलं. पट्टा. आणखी पुढे. एक जाडा माणूस, तोच माणूस बारीक, पुन्हा पट्टा. तास संपेपर्यंत पट्टाच.

“हे काय हो?” वहिनीने हळूच विचारलं.

मग दादा बोलला. कंपनी, नंबर, सॉफ्टवेअर, आपल्याकडची एकूण बेशिस्त. चांगली पंधरा मिनिटं बोलला. त्यात ‘चूक’ हा शब्द सात-आठ वेळा आला, पण त्याच्या आधी ‘माझी’ एकदाही आलं नाही. वहिनी म्हणाली, “बरं.” आणि आत जाऊन पडली.

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, “दादा, सगळ्या इमारतीने बघितलं. तुझंच घर तेवढं राहिलं!”

“हाताने लावलेल्या नंबराची काळजी कंपनीने घ्यायला नको?” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी खालची शिंपीणकाकू माझ्याकडे आली. माझा हात धरून रडायलाच लागली. काय झालं ते मला तिच्याकडून कळलं. मुलाखत घेणाऱ्या मुलीने विचारलं होतं, कसली हळहळ वाटते का? वहिनी म्हणाली, “मला मुख्य परिचारिकेची जागा मिळत होती, दुसऱ्या गावी. घरी विचारलं. हे टीव्हीच्या मागे वाकून वायर लावत होते. मान वर न करता म्हणाले, ‘बघू.’ मी अकरा दिवस थांबले, मग नकार लिहून दिला. नाही म्हणाले असते तर भांडले असते हो. ‘बघू’शी कसं भांडायचं? घरात हे मी कधी बोलले नाही. टीव्हीवर आलं तर तरी ऐकतील, म्हणून आज बोलतेय.”

त्या जागेचं मलाही ठाऊक नव्हतं. समोरच्या दारात राहून मी भावाला नावं ठेवली, पण वहिनीला कधी काही विचारलं नाही. तेव्हा माझीही मान फार ताठ आहे अशातला भाग नाही. मला माझी लाज वाटली.

माझ्यासकट पंधरा घरांना ते ठाऊक आहे. आता दादाच्या दाराची बेल वाजत नाही. शिंपीणकाकूचा डबा दोन दिवस बंद होता, पण तिने त्याला बोलावलं नाही. जिन्यात त्याने आपणहून विचारलं तर लोक म्हणतात, “नको, चालतंय.” बटणरावांचं म्हणणं, यादी इतकी चोख झालीय की लोकांना अडचणच येत नाही.

वहिनीच्या डोळ्यात औषध घालताना मी विचारलं, “मी सांगू त्याला?”

“नको वन्सं. त्यांनी विचारलं तर मीच सांगेन. सगळं सांगेन.”

“आणि नाही विचारलं तर?”

“दुसरा थेंब राहिलाय,” ती म्हणाली.

याला तीन आठवडे झाले. दादा रोज सकाळी दहाला त्या चॅनेलच्या कचेरीत फोन लावतो. कालही मी गेले तेव्हा तो फोनवरच होता. आवाज इतका नरम, की मला ओळखूच येईना. “मॅडम, पुन्हा कधी दाखवाल? माझ्या मिसेसची मुलाखत होती. ती काय बोलली ते मला ऐकायचंय हो.”

पलीकडच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. वहिनी पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने हातातला टॉवेल खाली ठेवला आणि दाराकडे बघत थांबली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात दादाने मला बोटाने गप्प बसायची खूण केली आणि फोनवर हात ठेवून कुजबुजला, “थांब गं, एक मिनिट. होल्डवर ठेवलंय.”