केशरी कार्डाची कुजबुज

"केशरी कार्डाचं नाव कोणी काढायचं नाही. विचारलंच तर म्हणायचं, आम्ही रोख भरतोय."

हे बाबा आमच्या कानात कुजबुजले. म्हणजे त्यांच्या समजुतीने कुजबुजले. उभा जन्म कसब्यात तांब्याची भांडी ठोकण्यात गेल्यावर माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. बाबांची कुजबुज म्हणजे इतरांची जाहीर सभा. शेजारच्या खोलीतल्या पेशंटने "बरं" म्हणून उत्तर दिलं. खाली पार्किंगमध्ये चार गाड्यांचे सायरन वाजू लागले, असं मी सांगतो. आई म्हणते, एकाच गाडीचा वाजला आणि तोही आधीपासून वाजत होता.

नेमके त्याच वेळी ताईचे होणारे सासरे हॉस्पिटलचा जिना चढत होते.

त्याचं असं झालं. ताईच्या रुखवतात ठेवायला बाबांनी स्वतःच्या हाताने एक घंगाळ घडवलं होतं. ते सायकलच्या कॅरिअरला बांधून बाबा पॉलिशला निघाले आणि स्वारगेटच्या चौकात एका रिक्षाचा निसटता धक्का लागला. बाबा मांडीचं हाड मोडून तिथेच बसले. घंगाळ मात्र बसलं नाही. ते गडगडत सातारा रस्त्याला लागलं, दोन बसना मागे टाकलं, आणि हवालदाराने शिट्टी मारली नसती तर कात्रजचा घाट चढलं असतं. हवालदाराने त्याच्याकडे लायसन्स मागितलं नाही, एवढंच.

हॉस्पिटल खाजगी होतं, पण सरकारी योजनेतलं. केशरी रेशन कार्ड असलं की उपचार फुकट. योजनेच्या खिडकीतल्या बाईंनी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "ऑपरेशन, मांडीतली सळई, औषधं, जेवण, सगळं योजनेत. तुम्ही फक्त बरं व्हायचं." पुण्यात खिडकीच्या पलीकडून इतकं गोड वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं, आणि पुढेही ऐकायचं नव्हतं.

जनरल वॉर्डात बाबा खूश होते. शेजारच्या खाटांना घंगाळाची गोष्ट सांगत होते. (घाटाचा मजकूर मूळ त्यांचाच. मी फक्त बस वाढवल्या.) तेवढ्यात ताईच्या होणाऱ्या सासरहून, मांजरीहून फोन आला, "उद्या पाव्हण्यांना बघायला येतो."

मांजरीची ही मंडळी म्हणजे एकेकाळचे ऊसवाले. उसाच्या जागी आता बारा मजली इमारती उगवल्या होत्या, मुलगा आयटीत होता, आणि त्यांची गाडी एवढी लांब की तिचं तोंड आमच्या आळीत शिरलं तरी मागचे दिवे हडपसरातच. अशा घरात आपली मुलगी जायची, या विचाराने बाबा पसंतीच्या दिवसापासून दाढी रोज करू लागले होते.

"व्याह्यांना जनरल वॉर्डात बसवू? कुठे, बेडपॅनवर?" बाबा म्हणाले.

"अहो, ते तुमचा पाय बघायला येणार आहेत. खोली बघायला नाही," आई म्हणाली.

पण बाबांचा हिशोब ठरला होता. लॉजसारखंच असणार: खोलीचं भाडं जादा, बाकी सगळं तेच. तासाभरात आम्ही स्पेशल खोलीत. एसी, टीव्ही, पाहुण्यांना सोफा. खिडकीतल्या बाईंना विचारायला मी निघालो होतो, पण सोफा इतका मऊ होता की निघायचं राहून गेलं.

व्याही आले, सोफ्यावर बसले, द्राक्षं खाल्ली. बाबांनी "रोख" हा शब्द इतक्या वेळा उच्चारला की नर्स बिचारी पावतीपुस्तक घेऊन आली. व्याही मान डोलावून म्हणाले, "खोली झ्याक हाय." दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. तेही झ्याक झालं.

घरी सोडायच्या दिवशी बिल आलं. खोलीचं असेल म्हणून मी हात पुढे केला, तर त्यात सळई होती, भूल होती, रक्त होतं, आणि डॉक्टर दारातून "काय म्हणतोय पाय?" विचारून गेले होते, तेही होतं. मी धावत खिडकीवर गेलो.

"अहो, योजना जनरल वॉर्डापुरती," बाई म्हणाल्या. "स्पेशलमध्ये गेलात की योजनेतून बाहेर. नुसत्या खोलीचं नाही, सगळंच भरायचं."

"हे आधी सांगायचं."

"आपण आधी विचारायचं."

मंगल कार्यालयासाठी ठेवलेले पैसे त्या काउंटरवर गेले. सगळे. परत येताना रिक्षात आई म्हणाली, "खोली छान होती हो. लग्न तिथेच लावू. सोफा आहे, एसी आहे, आणि भटजींना चक्कर आली तर डॉक्टरही आहेत."

ताई हसली नाही. तारीख ठरलेली, कार्यालयाचे पैसे आठवड्यात भरायचे होते. "मी त्याला फोन करून सांगते," ती म्हणाली.

"तू नाही. सोफा मी मागितला, मी सांगणार," बाबा म्हणाले.

दोन दिवसांनी व्याही पुन्हा पायाची चौकशी करायला आले, या वेळी आमच्या घरी. आई चहा घेऊन आली तेव्हा अख्खी आळी कान टवकारून बसली होती. बाबा बोलणार म्हणजे रेडिओ बंदच करावा लागतो. आणि जन्मात पहिल्यांदा बाबा खरोखर हळू बोलले. इतकं हळू, की समोर बसूनही मला ऐकू येईना. व्याही पुढे वाकले. बाबांचे ओठ हलत होते: कार्ड, खोली, बिल, कार्यालय. मग ते थांबले आणि उपरण्याने तोंड पुसत राहिले. ताई स्वयंपाकघराच्या दाराला धरून उभी होती.

व्याह्यांनी बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली.

"लगीन आमच्या दारात लावू, मांडव घालून," ते म्हणाले. "आन कार्डाचं तर आमी जिन्यातच ऐकलं हुतं. आमचं बी केशरीच हाय."