बनुबाईच्या कडेवरचा गुंडा

कृष्णाकाठच्या त्या गावात कुणाच्या सुनेला दिवस गेले, तर ते सुनेच्या सासूच्या आधी बनुबाईला कळायचं. त्यात तिचा काही दोष नव्हता. देवानं आपल्याला नजरच तशी दिलीय, असं तिचं म्हणणं. पण बनुबाईचं खरं काम बाळंतपण झाल्यावर सुरू व्हायचं. घाटावर धुणं बाजूला ठेवून ती अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवायला लागायची. लग्न माघात, मग फाल्गुन, चैत, वैशाख. महिने पुरे भरले, तर धुणं पुन्हा दगडावर आपटलं जायचं. एखादं पेर कमी पडलं, तर मात्र ऊन डोक्यावर आलं तरी धुणं तसंच पडून असायचं, आणि आळीतल्या सगळ्या बायका तिच्याभोवती जमलेल्या असायच्या.

शेजारच्या अंबूबाईच्या सुनेची पेरं अशीच कमी पडली होती. मूल खरोखरच अपुऱ्या दिवसांचं होतं, मूठभर मुलगी. बनुबाईनं घाटावर फक्त एवढंच म्हटलं, "अपुऱ्या दिसांची हाय म्हंत्यात. असंल बया, आपुन कशाला बोलायचं?" बनुबाई जे बोलायचं नाही म्हणायची, ते गावभर व्हायला एक दुपार पुरायची. अंबूबाईची सून मुलीला घेऊन माहेरी गेली ती परत आलीच नाही. तेव्हापासून दोन्ही घरांची परसं एकमेकांना लागून असूनही बोलणं बंद होतं. बनुबाईला याचं नवल वाटे. आपण तर काहीच बोललो नव्हतो.

मग चव्वेचाळीस साल उजाडलं. बनुबाईचा मुलगा नाथाजी पलटणीत होता. तो पौषात रजेवर आला आणि परत गेला तो थेट इटलीच्या लढाईवर. सून विजयमाला गरोदर राहिली, बनुबाईनं आळीत गूळ वाटला. दिवस भरायचे दसऱ्याच्या आसपास. माहेरची गाडी पंचमीनंतर न्यायला येणार होती. पण गाडी वेशीत यायच्या आधीच, भर श्रावणात, विजयमालाच्या पोटात दुखू लागलं आणि दिवस मावळायच्या आत मुलगा झाला. सुईण म्हणाली, "आक्का, सातव्यातलं हाय. जगलं तर तुमचं."

बनुबाईचा अंगठा सवयीनं पेरांवर गेला, आणि पौषापासूनची पेरं कमी पडली. पोर जगतंय की नाही, ही भीती होतीच. पण तिच्याही पुढं दुसरी भीती येऊन उभी राहिली. लढाई संपवून नाथाजी घरी येईल, तेव्हा वेशीवरच कुणीतरी त्याला पेरं मोजून दाखवील. घाटावर बसून काय काय बोललं जातं, हे त्या गावात तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

एवढं मात्र तिच्या पदरात टाकलंच पाहिजे, की पोर तिनं जगवलं. सुपात कापूस अंथरून त्यात ते ठेवलं. ओढायचं बळ त्याला नव्हतं, म्हणून आईच्या दुधात कापसाची वात भिजवून थेंब थेंब तोंडात सोडला. उरलेला सगळा पावसाळा ती चुलीपाशी बसून राहिली, पोर आपल्या उघड्या छातीशी धरून, वरनं लुगड्याचा पदर आणि घोंगडी घेऊन. स्वतःच्या चार बाळंतपणांत तिनं एवढा जीव टाकला नव्हता.

फक्त हे सगळं गावाला दिसलं पाहिजे, असा तिचा कटाक्ष होता. येईल त्या बाईपुढं ती कापूस बाजूला सारायची. "नखं बघ. हायत का? खांद्यावरची लव बघ. कानाची पाळी दुमडली तर दुमडलेलीच ऱ्हातीया. पुऱ्या दिसांचं पोर असं असतंय व्हय?" बायका वाकून बघायच्या. एवढी तपासणी तर पलटणीत भरती होताना नाथाजीचीही झाली नव्हती. बारशाला पोराचं नाव ठेवलं गुंडा. सुपातल्या त्या मूठभर जिवाला गुंडा म्हणून हाक मारताना सुईणीलासुद्धा हसू आवरेना.

दिवाळीनंतर बनुबाईचे मालक, म्हणजे नाथाजीचे आबा, लालासाहेब सगळ्यांना आगगाडीनं मिरजेच्या दवाखान्यात घेऊन गेले. लालासाहेब मागच्या लढाईत मेसोपोटेमियापर्यंत जाऊन आलेले होते, पण घरात त्यांनी कधी तोंड उघडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी पोराला उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "छान जगवलंय. आता याचं वय जन्मापासून मोजू नका, दसऱ्यापासून मोजा. इतर मुलांच्या दोन महिने मागं राहील, घाबरायचं काही नाही. पण कापूस आता पुरे. हातपाय मोकळे सोडा. जागा असला की पालथा घाला, जमिनीवर लोळू द्या. रात्रंदिवस गुंडाळून आणि कडेवर ठेवलंत, तर अंगात बळ कुठून येणार?"

विजयमालानं सगळं ऐकलं. बनुबाईनं पहिलं निम्मं ऐकलं. पोर दोन महिने मागं आहे, असं खुद्द मिरजेची डॉक्टरीण म्हणते, यापेक्षा मोठा पुरावा तिला कोण देणार होता? परतीच्या प्रवासात डब्यातल्या अनोळखी बायकांनासुद्धा तिनं ते सांगून टाकलं.

ते दोन महिने पुढं कधी संपलेच नाहीत. बनुबाईचा हिशेब सरळ होता. पोर वेळेवर पालथं पडलं, वेळेवर बसलं, की लोक म्हणणार, हे कसलं सातव्यातलं? तेव्हा पोरानं मागंच राहायला हवं होतं, आणि ते मागं राहील याची काळजी तिनं डोळ्यांत तेल घालून घेतली. कापूस गेला, पण दुपटं आलं. हातपाय सरळ करून ती गुंडाला असं आवळून गुंडाळायची, की नाकाखेरीज त्याचं काही हलू नये. एकदा गल्लीतल्या दोघीतिघी बसल्या असताना दुपटं सैल झालं आणि गुंडा भले बहाद्दर कुशीवरनं पालथा पडला. बनुबाईनं तव्यावरची भाकरी उलथावी तसा त्याला परत उताणा केला आणि म्हणाली, "झोपंत वळलाय." पोर टक्क डोळे उघडून तिच्याकडं बघत होतं.

लालासाहेबांनी कराडच्या बाजारातनं पांगुळगाडा आणला. बनुबाईनं तो आढ्याच्या खुंटीला अडकवला आणि त्यावर लसणाच्या जुड्या टांगल्या. लालासाहेब तो बघून माळ्यावर काहीतरी शोधायला गेले.

विजयमालानं मात्र एकदा धीर केला. "आत्याबाई, भुईवर सोडा म्हनून सांगितलंय. पोराच्या अंगात जोर कवा यायचा?"

"भुईवर सोडून लगीच चालता करतीस, आन् मग गावाला काय सांगू मी? तुजीच अब्रू राखाय लागलीया."

"माजी अब्रू पोराच्या पायात न्हाई, आत्याबाई," विजयमाला म्हणाली.

बनुबाईनं तिला आठ दिवस धड बोलू दिलं नाही. त्यानंतर सुनेनं तो विषय काढला नाही. दुपटं घट्ट केलं तरी गप्प, दिवसभर कडेवर घेतलं तरी गप्प. पोरीला अखेर शहाणपण आलं, असं समजून बनुबाई खूश झाली, आणि दुपारी भाकरी खाऊन पोर सुनेच्या हवाली करून निवांत घोरू लागली. तिची दुपारची झोप अशी, की दारात बैल झुंजले तरी मोडू नये.

गुंडा दीड वर्षाचा व्हायला आला. आता मात्र वारं फिरलं. घाटावर एखादी गालात हसत विचारायची, "बनुआक्का, नातू पाय टाकतोय का न्हाई?"

"दोन म्हैनं मागं हाय," बनुबाई सांगायची.

"कुनाच्या मागं?" असं दुसरी विचारायची, आणि सगळ्याजणी खाली मान घालून धुणं आपटायला लागायच्या. मग तिच्या कानावर आलं, की बनुबाईचा नातू पायानं अधू आहे. जिनं आजवर दुसऱ्यांच्या घरातलं घाटावर नेलं, तिच्या घरातलं आता घाटावरनं तिच्याकडं येत होतं.

त्यानं ती खरी हादरली. पोर चाललं तर सुनेचं नाव जाणार, नाही चाललं तर पोराचं. रोज संध्याकाळी ती त्याच्या पायांना कोमट तेल चोळायची, पोटऱ्या दाबून बघायची. पोटऱ्या तर टणक लागत होत्या. पण एवढे दिवस बांधून ठेवलेले पाय उभे राहतील का, याची तिला खात्री नव्हती. दार लावून एकदा खाली ठेवून बघावं, असं शंभरदा मनात यायचं, आणि तिची हिंमत व्हायची नाही. बघितलं नाही तोवर आशा तरी होती. आपणच जगवलेलं पोर आपणच पांगळं केलं की काय, या विचारानं तिला घास जाईना. पण कडेवरनं पोर काही उतरलं नाही.

फाल्गुनात, गुऱ्हाळं चालू असताना, नाथाजी आला. लढाई संपून बरेच महिने उलटले होते. पायात बूट, अंगात खाकी, डोक्यावर पत्र्याची ट्रंक. सारी आळी दारात जमली. अंबूबाईसुद्धा आली होती, पण पलीकडं आपल्या ओट्यापाशीच उभी राहिली. बनुबाई गुंडाला कडेवर आवळून पुढं झाली, आणि सगळ्या बायकांच्या तोंडांकडं बघू लागली. आता कोण पेरं मोजतं, हे तिला बघायचं होतं.

कुणीच मोजली नाहीत. नाथाजीच ट्रंक खाली ठेवून पाया पडला आणि म्हणाला, "आये, सातव्यातलं पोर जगवलंस. आबांनी कळवलं, तवा पलटणीत समद्यांला सांगत सुटलो मी." ज्या गोष्टीसाठी तिनं दीड वर्ष जिवाचं रान केलं होतं, ती त्याच्या मनाला शिवलीसुद्धा नव्हती. मग तो म्हणाला, "ठेव की खाली. चालतोय कसा ते बघू दे."

"चालत न्हाई रं अजून."

"दीड वर्स हून गेलं की."

"दोन म्हैनं मागं हाय," बनुबाई म्हणाली, आणि अख्खी आळी खदखदून हसली. नाथाजीनं पोर तिच्या कडेवरनं सरळ काढून घेतलं आणि धुळीत उभं केलं. बनुबाईनं डोळे मिटून घेतले.

हसणं थांबलं, तेव्हा तिनं डोळे उघडले. गुंडा उभा होता. त्यानं समोरच्या बुटांकडं बघितलं, ओठ काढले, पाठ फिरवली आणि दुडुदुडु चालत, बायकांच्या लुगड्यांतनं वाट काढत, थेट अंबूबाईपाशी गेला. तिचे गुडघे धरून तिच्या निऱ्यांत त्यानं तोंड लपवलं.

बनुबाई सुनेकडं बघत राहिली. विजयमालानं मान खाली घातली नाही. "रोज दुपारी तुमी झोपला, की परसातनं ह्येला अंबूकाकूंच्या सोप्यात न्हेऊन सोडत हुते. तितंच पालथा पडला, तितंच रांगला. चालाय लागून म्हैना झाला."

सगळ्या आळीला ते ठाऊक होतं. त्याला अधू म्हणणाऱ्यासुद्धा दुपारी त्याच सोप्यात बसून त्याला टाळ्या वाजवून बोलवत होत्या. आणि एकीनंही बनुबाईला सांगितलं नव्हतं. या गावातल्या बायकांना तोंड मिटून बसता येतं, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

अंबूबाई वाकली. तिनं पोराला खांद्यांना धरून फिरवलं. "जा, तुजी आजी तिकडं हाय," ती म्हणाली, बनुबाईकडं न बघता.

गुंडा निघाला. पाऊल चांगलं ठाम पडत होतं. बनुबाईनं दोन्ही हात पुढं केले. हातभर अंतर राहिलं, आणि पोराचे पाय मिटले. तो मटकन खाली बसला आणि उचलून घे म्हणून त्यानं दोन्ही हात वर केले. आजी समोर आली, की पायांचं काम संपलं, एवढंच तिनं त्याला शिकवलं होतं.

बनुबाई सवयीनं वाकली, आणि तशीच थांबली. तिनं हात मागं घेतले. "चालत ये," ती म्हणाली. गुंडानं भोकाड पसरलं. तिच्याही डोळ्यांतनं धारा लागल्या, भर आळीत, पण तिनं त्याला उचललं नाही. पोरानं पुष्कळ वाट बघितली. मग हात टेकून उठला, तिच्याकडं पाठ केली आणि रडत रडत परत अंबूबाईकडं चालत गेला. अंबूबाई त्याला बोट देऊन आपल्या सोप्यात घेऊन गेली.

बनुबाई त्यांच्यामागं गेली. अंबूबाईच्या उंबऱ्यापाशी ती थांबली. कित्येक वर्षांत तिनं तो ओलांडला नव्हता. "अंबू," ती म्हणाली, "तुज्या सुनंचं मीच बोलले हुते."

"ठावं हाय मला," अंबूबाई आतनं म्हणाली.

तिनं बनुबाईला आत बोलावलं नाही, आणि दारही लावलं नाही. आत सारवलेल्या भुईवर गुंडा एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत चालत होता. बनुबाई उंबऱ्याबाहेर बसून ते बघत राहिली.